मोकळं सोडायची जागा

जिभाऊ, कुत्र्याला मोकळं सोडता येईल अशी, चारी बाजूंनी नीट कुंपण असलेली जागा शोधत या पावसाळ्यात मी सगळं नंदुरबार पालथं घातलं. तुम्ही असता तर धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत हसला असता. म्हसावदला आपल्याकडे कुत्रं मोकळंच असायचं, बांधायची ती गुरं. कुत्र्याला पळायला जागा शोधावी लागते, तिथं कुंपण आहे का, फाटकाला कडी आहे का हे बघावं लागतं, हे तुम्हाला पटलंच नसतं. पण ती जागा शोधताना मला सारखे तुम्ही आठवत होता. प्रेमानं आठवत होता असं म्हणवत नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

कुत्रा माझा नाही, माझ्या मुलीचा, तुमच्या नातीचा. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती, आता पुण्यात नोकरी करते. तिनं तिथं फ्लॅटमध्ये हा कुत्रा पाळला. बुटका, लांब कानांचा, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं असलेला, बीगल म्हणतात त्या जातीचा. उन्हाळ्यात तिनं नोकरी बदलली, सकाळी गेलेली ती अंधार पडल्यावर घरी यायला लागली, आणि एका रविवारी गाडी करून कुत्र्याला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आई, तीन-चार महिने सांभाळ, तू आता रिटायर आहेस, तुलाही सोबत होईल. माझी सोबत तिला तोवर कधी आठवली नव्हती. तुमचे जावई गेल्यावर सहा वर्षं मी या घरात एकटी राहते. पहाटे उठायचं, पूजा, पेपर, दुपारी वाचनालय. फार मोठं सुख नव्हतं, पण माझं होतं. तिनं दोन पिशव्या खाणं, एक गादी, एक पट्टा आणि सूचनांचा कागद दिला. त्या कागदावर पहिलीच सूचना अशी होती की त्याला आठवड्यातून निदान तीनदा पट्ट्याशिवाय पळू द्यायचं, पण फक्त पूर्ण कुंपण असलेल्या जागेत. वास लागला की त्याला कान राहत नाहीत, कितीही हाका मारा, तो वळून बघत नाही. पुण्यात म्हणे कुत्र्यांसाठीच अशी मैदानं आहेत, उंच जाळीची, एकापाठी एक दोन फाटकं असलेली, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद असतं. नंदुरबारला असेलच ना असं काहीतरी, असं ती सहज म्हणाली. ती इथं जन्मली आहे, जिभाऊ.

तिच्या जाण्यानंतर रोज फोन यायला लागला. आधी महिना महिना येत नसे. मला आनंद झाला, मग दोन-चार दिवसांत लक्षात आलं की फोन उचलला की पहिला प्रश्न त्याच्याबद्दल असतो. जेवला का, शी कशी झाली, पळवलंस का. माझ्या गुडघ्याचं विचारायची ती शेवटी, ठेवता ठेवता. पट्ट्याला धरून फिरवायला नेलं की गल्लीतली चार कुत्री अंगावर यायची, आणि हा त्यांच्याकडे ओढायचा. एकदा मी चिखलात पडले, मनगट सुजलं. ते मी तिला कळवलं तर ती म्हणाली, म्हणूनच म्हणते, जागा शोध.

शोधली. नगरपालिकेच्या बागेत रखवालदारानं आत येऊ दिलं नाही, बोटानं पाटी दाखवली. एका शाळेचं मैदान मोठं होतं, पण मागची भिंत कधीची पडलेली, तिथून शेळ्या येत-जात होत्या. बायपासला एका नव्या प्लॉटिंगचं फाटक बघून जीव हरखला, राजवाड्याला शोभावं असं. आत गेले तर मागच्या बाजूला काहीच नव्हतं, नुसता ज्वारीच्या शेताचा धुरा. रिक्षावाला ओळखीचा, त्याला सांगून दोन दुपारी शहर फिरले. तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "कुत्राले खेळाले गार्डन पाहिजे का, मॅडम?" आणि मग जन्मभर कचेरीत काम केलेल्या बाईला हे काय झालं, असा त्याचा चेहरा झाला. मलाही लाज वाटली. पण त्यानंच शेवटी सुचवलं की मिरचीच्या पथाऱ्या बघा, आता रिकाम्या पडल्या असतील.

तुम्हाला पथाऱ्या माहीतच आहेत. हंगामात जिथं ओली लाल मिरची एकरच्या एकर वाळत पडते ती पटांगणं. तुम्ही कापसाच्या टेंपोबरोबर नंदुरबारला यायचात तेव्हा मला एकदा दाखवायला आणलं होतं, आणि मी इतकी शिंकले होते की तुम्ही मला खांद्यावर टाकून पळालात. ते खरं होतं ना? आता मला तुमच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट एकदा उलटून बघावी लागते. असो. एका मारवाडी व्यापाऱ्याची पथारी मिळाली. म्हातारे गृहस्थ, आमच्या कचेरीत कामानिमित्त यायचे. त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, हसले नाहीत. मुका जीव आहे, पळू द्या, म्हणाले. फक्त दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, मातीत मिरचीची पूड असते, त्याचे डोळे जातील. गुरं शिरू नयेत म्हणून त्यांनी चारी बाजूंनी तारेची जाळी मारून घेतली होती. मी सगळं कुंपण हातानं चाचपत चालले. जिथं जाळी सैल होती तिथं तार पिळली, एका कोपऱ्यात खड्डा होता तिथं विटा रचल्या, एक फट बाभळीच्या काट्यांनी बुजवली. फाटक एकच होतं, पण कडी पक्की होती. आषाढात एका सकाळी मी त्याचा पट्टा सोडला. तो क्षणभर उभाच राहिला, आणि मग जो सुटला, जिभाऊ. कान मागे, पोट जमिनीला, गोल गोल, उगाचच. मी वाळवणाच्या ओट्यावर बसले आणि मला रडू आलं. मला आपला काळा आठवला.

माझं वय तेरा होतं. काळ्याला मीच आणला होता, खळ्यावर सापडलेला, डोळेही उघडले नव्हते. आईनं नको म्हटलं, तुम्ही म्हणालात राहू दे. मोठा झाला तसा तो माझ्यामागे शाळेच्या फाटकापर्यंत यायचा आणि सुटेपर्यंत बसून राहायचा. मग एका दुपारी मी घरी येते आणि तो नाही. आई चुलीपाशी बसलेली, माझ्याकडे न बघता म्हणते, गया व्हई कथातरी, गेला असेल कुठंतरी. संध्याकाळी तुम्ही शेतातून येता, पायसुद्धा न धुता माझ्याबरोबर निघता. तीन दिवस आपण दोघं त्याला शोधत होतो. पहिल्या दिवशी गावकुसापासून नाल्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या रस्त्यानं, तिसऱ्या दिवशी पार सातपुड्याच्या बाजूच्या वस्त्यांपर्यंत. चैत्राचं ऊन होतं. तुम्ही तुमचा रुमाल ओला करून माझ्या डोक्यावर टाकला. मी थकून बसले की तुम्ही म्हणायचात, "चाल बेटा, आखो पुढे देखूत. सापडी जाई. कथा जाई ते?" आणि तोंडाशी हात धरून त्याच्या नावानं हाका मारायचात. तुमचा आवाज केवढा मोठा होता. रस्त्यानं भेटेल त्याला तुम्ही विचारत होता, काळं कुत्रं, छातीवर पांढरा टिळा, दिसलं का. मला वाटलं होतं, जगात कुणाचा बाप पोरीच्या कुत्र्यासाठी असा उन्हात फिरत नसेल. भाऊ झाल्यावर तुम्ही मला इतके एकटीला कधी मिळाला नव्हतात. काळा गेल्याचं दुःख होतंच, पण ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. लग्नात, नवऱ्याबरोबरच्या भांडणात, एकटी पडल्यावर, मी त्यांच्यावर जगले. ज्या मुलीसाठी बाप तीन दिवस हाका मारत फिरला ती काही अगदीच टाकाऊ नसणार, असं मी स्वतःला सांगत असे.

पुढच्या महिन्यात तुम्ही शहाद्याहून माझ्यासाठी लेडीज सायकल आणलीत. गावात मुलीला सायकल म्हणजे मोठीच गोष्ट, काकू टोमणे मारून थकल्या. मी त्या सायकलवर काय केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी तिच्यावरून आणखी लांब जाऊन काळ्याला शोधत होते. पावसाळा लागेपर्यंत, रोज संध्याकाळी.

तुम्ही गेलात, त्याच्या अकराव्या दिवशीची गोष्ट. अंगणात पंगती उठल्या होत्या, आणि आपला जुना सालदार, जो तीस वर्षं आपल्याकडे राबला, तो कडुनिंबाखाली एकटा बसला होता. मी त्याला पाणी नेऊन दिलं आणि त्याच्याशेजारी बसले. आम्ही तुमच्याबद्दलच बोलत होतो. मी त्याला ते तीन दिवस सांगितले, अभिमानानं सांगितले, रडत सांगितले. त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, ते कुत्रं मीच सोडी उनथू. जिभाऊनी सांगेल व्हतं. प्रकाशाना पूलना पल्याड."

मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. काळ्यानं धाकट्या काकांच्या कोंबड्या मारल्या होत्या, एकदा नाही, तीनदा. विहीर सामाईक होती. काकांनी म्हटलं, कुत्रं ठेव नाहीतर पाण्याची पाळी ठेव. केळी उभी होती. तुम्ही काळ्याला पोत्यात घालून टेंपोत टाकायला लावलंत आणि प्रकाशा गावच्या पुलावरून तापीच्या पलीकडे सोडून यायला सांगितलंत. आणि सालदार परत आला त्याच संध्याकाळी, पाय न धुता, माझ्याबरोबर नाल्याकडे निघालात. आईला माहीत होतं. काकांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना तुम्ही रस्त्यात विचारत होता त्यांतल्याही काहींना माहीत असेल. म्हणजे आपण शोधत फिरलो तेव्हा गावात एकटी मीच खरोखर शोधत होते.

कुत्रा सोडल्याचा राग मला नाही, जिभाऊ. राग आहे, पण तो गिळता येतो. केळी उभी होती हे मला कळतं, मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे. पण हाका का मारल्यात? आई गप्प बसली, तसं तुम्हीही गप्प बसू शकला असता. मी चौथीत असताना वासराला पाणी पाजलं असं खोटं सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही मला जेवणावरून उठवून दारात उभं केलं होतंत. "खोटं बोलनं मन्हा घरमा चालाव नई." मी रात्रीचं जेवले नाही आणि पुन्हा कधी तुमच्याशी खोटं बोलले नाही. आणि तुम्ही तीन दिवस, घसा बसेपर्यंत. कदाचित तुम्हाला ती शिक्षा वाटली असेल, स्वतःला दिलेली. कदाचित माझी दया आली असेल. सालदार म्हणाला, जिभाऊ त्या दिवसांत जेवत नव्हते. म्हणून काय झालं? माझ्याजवळ तुमचं असं जे होतं ते तुम्ही गेल्यावर अकरा दिवसांत माझ्याकडून काढून घेतलं गेलं, आणि विचारायला तुम्ही नव्हता.

तर, हा कुत्रा. महिनाभर सगळं ठीक चाललं होतं. आठवड्यातून तीनदा मी त्याला रिक्षानं पथारीवर नेत होते, मुलीला व्हिडिओ पाठवत होते. श्रावणात एका सकाळी पट्टा सोडला, तो पळाला, मी ओट्यावर बसून चष्मा पुसत होते. वर बघते तर पटांगण रिकामं. पावसानं फाटकाखालची माती वाहून गेली होती, तिथं बादलीएवढी फट पडली होती, तिच्यातून तो पोटावर सरकून गेला. फाटकाच्या सळईला त्याचे पांढरे केस चिकटलेले होते. मी रस्त्यावर येऊन हाका मारल्या. दुपारपर्यंत मारल्या. बसस्टँड, रेल्वेचं फाटक, मटणाच्या दुकानांची गल्ली, मालधक्का. रिक्षावाला बिचारा माझ्याबरोबर फिरला, पैसे घेईना.

घरी आल्यावर मी आधी पाणीसुद्धा प्यायले नाही, मुलीला फोन लावला. लगेच सांगायचं, दिवस जाऊ द्यायचा नाही, हे मी वाटेतच ठरवलं होतं. मनात तुम्हीच होता. मी तुमच्यासारखं करणार नव्हते. मी तिला जसं झालं तसं सांगितलं. ती अगदी हळू म्हणाली, "आई, खरं सांग. तूच सोडलंस ना त्याला?"

मी म्हटलं, अगं, मी सकाळपासून शोधते आहे.

"तुला तो पहिल्या दिवसापासून नकोच होता. मला कळत होतं."

बघा, जिभाऊ. तुम्ही धडधडीत खोटं बोललात आणि मी तुमच्यावर चाळीस वर्षं विश्वास ठेवला. मी त्याच दिवशी खरं सांगायला गेले आणि माझ्या मुलीला ते एक क्षणही खरं वाटलं नाही. मला तुमचा हेवा वाटला. तुम्हाला हे कसं जमायचं?

तो तिसऱ्या दिवशी मिळाला. शहराबाहेर एका बांधकामावर धडगावकडचं एक कुटुंब राखणीला आहे, तिथल्या बाईनं त्याला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधून ठेवलं होतं आणि भाकरी घालत होती. तिला मराठी थोडंच येत होतं. मी फोनमधला फोटो दाखवला तर तिनं मान हलवली, गाठ सोडली आणि पट्टी माझ्या हातात दिली. त्याला तिथून निघायचंच नव्हतं. मी त्याला उचलून रिक्षात घातलं. मी काही देऊ केलं तर तिनं हात मागे घेतला, त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि आत गेली. तिला तो हवा होता. त्या तीन दिवसांत त्याला नीट बघणारं माणूस तीच भेटली, असं मला परतताना वाटत राहिलं.

मुलीला मिळाल्याचा फोटो पाठवला. त्यावर तिनं काही लिहिलं नाही. शनिवारी ती आली, मैत्रिणीला बरोबर घेऊन, मैत्रिणीनं गाडी चालवली. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. तिनं एक खाल्ली. कुत्रा तिच्या मांडीवर चढून तिचं तोंड चाटत होता आणि ती त्याच्या अंगावरचे कानाकोपरे तपासत होती, गोचिडी, ओरखडे, एक ओरखडा सापडला तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. उन्हं उतरायच्या आत त्या दोघी त्याला घेऊन गेल्या. गादी विसरली, ती मी कुरियरनं पाठवली. आता फोन महिन्याला येतो, पूर्वीसारखा. गुडघ्याचं विचारते. बरा आहे, असं मी म्हणते.

आता हंगाम सुरू झालाय. काल त्या बाजूला काम होतं, तर पथारीवर मिरचीचे ढीग पडलेले, बायका तोंडाला फडकी बांधून मिरच्या पसरत होत्या. म्हातारे व्यापारी खुर्चीवर बसले होते, त्यांनी विचारलं, तुमचा पळणारा कुठं गेला? मी म्हटलं, पुण्याला, त्याच्या घरी.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मुलीबरोबरचा तो फोन मी वर पूर्ण लिहिला नाही. तिनं आणखी एक विचारलं होतं. फाटकाखालची ती फट तुला आधी दिसली नव्हती का, असं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तसा खणखणीत आवाज माझा कधी निघत नाही, पण त्या वेळी निघाला. दिसली होती, जिभाऊ. आदल्या खेपेलाच दिसली होती, आणि त्या सकाळी आत शिरताना पुन्हा दिसली. विटा दहा पावलांवर होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि पट्टा सोडला. का, ते मला माहीत नाही. तुम्हाला तरी माहीत होतं.